माशी

पावसाच्या तोंडावर, एका रविवारी सकाळी, माझ्या माशीच्या कडा विरघळल्या. आधी वाटलं घाम असेल. पुसला. मग वाटलं, रेंजवरचा उजेड कमी झाला असेल. वर पाहिलं, तर ट्यूबलाइट नेहमीसारख्याच जळत होत्या. पुन्हा हात उचलला. समोर १० मीटरवरचं काळं वर्तुळ अगदी ठसठशीत, नुकतंच कुणी काजळाचं बोट टेकवावं तसं. आणि माझ्याच हाताच्या टोकाला, जिथे चौकोनी काळी पट्टी ताठ उभी असायला हवी, तिथे ओल्या शाईचा डाग. त्या दिवशी ६० गोळ्यांत ५४१ गुण झाले. गेली कित्येक वर्षं मी ५५५च्या आसपास असतो. गुणांचं फारसं वाटलं नाही. माशी गेली, याचं वाटलं.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर जी खूण असते ती माशी. रेंजवरची मुलं तिला फ्रंट साइट म्हणतात. मला शिकवणारे सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. ते 'मक्खी' म्हणायचे. 'मक्खी देख, मक्खी. सामने क्या देखता है?' आम्ही पेठेतल्या पोरांनी तिची माशी करून टाकली. हे नाव मला अजून आवडतं. माशी एका जागी बसत नाही, हातही एका जागी राहत नाही. दोघांशी भांडून उपयोग नसतो.

नेमबाजीच्या बक्षीस समारंभात अर्जुनाची गोष्ट हमखास निघते. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, पोपट दिसत नाही, फक्त डोळा दिसतो. गोष्ट मला लहानपणापासून प्रिय आहे. पण पिस्तूल हाती धरलं आणि पहिल्याच महिन्यात कळलं की ती आपल्या कामाची नाही. आपल्याला पोपटाचा डोळा स्वच्छ दिसायला लागला, की समजावं, गोळी चुकली. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट पाहू शकतो. नळीच्या मागची खाच, पुढची माशी आणि १० मीटरवरचं कार्ड ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं कुठल्याही वयात शक्य नाही. एक निवडावं लागतं, आणि निवडायची ती माशी. कार्ड धूसर झालं पाहिजे. काळं वर्तुळ धुक्यातल्या कौलारू घरासारखं नुसतं आहे एवढं कळलं, की पुरे.

याला साधं गणित आहे. पूर्ण हात, खाच आणि माशीसकट, एक मिलिमीटर सरकला तर कार्डावर छिद्रही एकच मिलिमीटर सरकतं. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. तो एक मिलिमीटर त्यात सहज मावतो. पण हात स्थिर आणि खाचेतली माशी मात्र एक मिलिमीटर तिरकी असेल, तर १० मीटरवर पोचेपर्यंत त्याचे तीन सेंटिमीटर होतात. दहाचे सात. म्हणून हाताच्या थरथरीला आम्ही माफ करतो. माशीला नाही.

चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथली मुलगी नम्र होती, हुशार होती. 'काका, वाचायला त्रास होतोय की लांबचं?' मी म्हटलं, 'दोन्ही नाही. मधलं.' तिच्याकडे लांबचं बघायला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता होता आणि जवळचं बघायला हातात धरायचं छापील कार्ड. या दोन अंतरांच्या मधलं जग त्या दुकानात नव्हतं. पिस्तूल घेऊन तर बाजारपेठेत जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलीची शाळेतली लाकडी फूटपट्टी नेली. तिच्या टोकाला काळ्या कार्डशीटची साडेचार मिलिमीटर रुंदीची पट्टी उभी चिकटवली होती. डावा हात खिशात घातला, आडवा उभा राहिलो, उजवा हात लांब केला. दुकानात आलेली दोन माणसं दारातच थांबली. दुकानातल्या मुलीने टेप काढून माझ्या डोळ्यापासून पट्टीपर्यंत मोजलं. ९३ सेंटिमीटर. मग ती एकेक भिंग चौकटीत घालत, काढत गेली. 'आता? आता?' माझा लांबचा नंबर शून्यच होता. त्यात अधिक अर्धा घातल्यावर कडा हलल्या. अधिक पाऊणला पट्टी एकदम उभी राहिली. ब्लेडने कापल्यासारखी. तिच्या मागे भिंतीवरचा तक्ता विरून गेला होता, आणि मला इतका आनंद झाला की हात खाली घ्यायचं भान राहिलं नाही.

'काका, ही चाळिशी आहे,' ती म्हणाली. 'फक्त तुमची थोडी लांबची आहे.'

मी तिथे हात लांब करून, मान किंचित मागे घेऊन उभा होतो, आणि मला एकदम सुभेदार दिसले.

सुभेदारांची रेंज म्हणजे तालमीच्या मागच्या बाजूची एक लांबोडकी पत्र्याची शेड. सतराव्या वर्षी मी तिथे गेलो तेव्हा मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी बार उडवायला मिळेल. त्यांनी मला चुन्याने रंगवलेल्या कोऱ्या भिंतीसमोर उभं केलं. कार्ड नाही, गोळी नाही. 'मक्खी बघायची. हलली तर हलू दे. बोट मागं घे. खट्ट झाल्यावर सांग, मक्खी कुठं होती.' तीन आठवडे हे चाललं. रोज पहाटे साडेपाच ते सात. शेजारच्या आखाड्यातून शड्डू ऐकू यायचे, ताक-तेल घातलेल्या लाल मातीचा वास यायचा, आणि मी भिंतीकडे बघत खट्ट, खट्ट करत उभा. चुन्याला कुठे पोपडा आलाय, कुठे ब्रशचा केस अडकलाय, ते मला आजही सांगता येईल. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी म्हणालो, 'खट्ट झालं तेव्हा माशी डावीकडे होती, जराशी खाली.' ते म्हणाले, 'झालं. आता गोळी घे.'

गोळी शिशाची, साडेचार मिलिमीटर व्यासाची, तोंडाला सपाट. सपाट असते म्हणून कागद फाटत नाही. गोल, स्वच्छ भोक पडतं. कार्ड १७ सेंटिमीटरचं चौकोनी, जाड, सायीच्या रंगाचं. सरावात एका कार्डावर दहा गोळ्या. कप्पीची दोरी ओढून कार्ड जवळ आणायचं आणि सुभेदारांच्या हातात द्यायचं. ते कार्ड उजेडाकडे धरत. हात पूर्ण लांब, मान मागे, डोळे बारीक. आणि वाचायला लागत. 'ही डावीकडं खाली चाललेली बघ. बोट आपटतंयस. पोरी दार आपटतात तसं. ही उभी रांग लागलीय, श्वास चालूच ठेवतोयस. ही एकटी वर गेली ती कशी रं?' मी म्हणायचो, 'शिंक येत होती.' ते म्हणायचे, 'मग हात खाली का नाही घेतलास? न मारलेल्या गोळीचा गुण कुणी कापत नाही.' हे वाक्य मी पुढे आयुष्यात इतक्या ठिकाणी वापरलंय, की ते पिस्तुलाबद्दल होतं हे कधीकधी विसरतो.

वापरलेली कार्डं आम्ही फेकत नव्हतो. सुभेदारांच्या पत्नी, आमच्या काकू, ती मागून घेत आणि घरच्या लोखंडी कपाटाखाली रचून ठेवत. दसरा झाला की त्या बुरडाकडून कामट्या आणवत आणि पडवीत बसून आकाशकंदील बांधत. अठरा चौकोन आणि आठ त्रिकोण असलेला मोठा, जुन्या बांधणीचा कंदील. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवायचा, उरलेल्या सोळांवर आमची कार्डं. आतून गुलाबी जिलेटीनचा कागद. सोळा कार्डं, प्रत्येकी दहा भोकं. दिवाळीत तो माडीच्या कठड्याला लागला की समोरच्या भिंतीवर, रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या सदऱ्यावर गुलाबी ठिपके पडत. वारा आला की सगळी गल्ली हलल्यासारखी वाटे.

दुसऱ्या वर्षी मी माझी सगळ्यात चांगली कार्डं निवडून काकूंकडे नेली. ९४, ९५, एक तर ९७चं. दहा गोळ्यांचं मिळून चार आण्याच्या नाण्याएवढं एकच भगदाड. मला वाटलं होतं, त्या कौतुक करतील, कंदिलाच्या दर्शनी बाजूला लावतील. त्यांनी एक कार्ड दिव्यासमोर धरलं, दुसरं धरलं, आणि गठ्ठा मांडीवर ठेवला.

'ह्यात उजेडच नाही की रे,' त्या म्हणाल्या. 'एकाच भोकातनं किती यायचा? तुझी पहिल्या महिन्यातली कार्डं कुठायत?'

ती मी लाज वाटून घरीच ठेवली होती, गादीखाली. सायकलवर जाऊन घेऊन आलो. ६१, ५८, एक ४३. भोकं कार्डभर सांडलेली, कोपऱ्यातसुद्धा एकदोन. काकूंनी ती रांगोळीच्या ठिपक्यांसारखी निरखली, फिरवून फिरवून कुठली कुठे बसेल ते ठरवलं, आणि ४३चं कार्ड रस्त्याच्या बाजूला लावलं. त्या रात्री सुभेदार अंगणात खुर्ची टाकून बसले होते. कंदिलाकडे बघत त्यांनी आम्हा सगळ्यांची कार्डं ओळखली. 'ते तुझं. ते तात्याच्या पोराचं, मनगट सैल. ते पुन्हा तुझं, मे महिन्यातलं, घाम येत होता.' आम्हाला वाटलं, केवढी ही नजर. एवढ्या लांबून.

एवढ्या लांबूनच. ते मला परवा चष्म्याच्या दुकानात कळलं. सुभेदारांना जवळचं दिसत नव्हतं. आमच्यापुढे त्यांनी कधी चष्मा लावला नाही. कार्ड हात लांब करून धरायची ती ऐटबाज लकब, जी आम्ही सगळ्यांनी उचलली, अठराव्या वर्षी धडधाकट डोळ्यांनी मान मागे टाकून कार्डं वाचायला लागलो, ती चाळिशी होती. त्यांनी ती इतकी सुंदर पेलली की आम्हाला ती विद्या वाटली. मी म्हणतो, होतीच ती विद्या.

आमच्या कोल्हापुरात नेमबाजी कशी रुजली, असं बाहेरगावचे लोक विचारतात. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. अंतिम फेरीत बरोबरी, मग शूट-ऑफ, त्यातही बरोबरी, मग पुन्हा शूट-ऑफ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासणीस, त्याने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. रेंज, प्रशिक्षक, घरच्यांनी काढलेली कर्जं ही कारणं खरीच आहेत. पण मला आणखी एक वाटतं. या गावाला वस्ताद म्हणजे काय ते माहीत आहे. पहाटे उठून, का म्हणून न विचारता, हजार जोर मारायची रीत या गावात कुणाला नवी नाही. पैलवान घाम गाळतो, आम्ही नुसते उभे राहतो. पण कोऱ्या भिंतीसमोरचे तीन आठवडे आणि हजार जोर ही एकाच घरची भावंडं.

मराठीत 'नेम' हा शब्द फार चांगला आहे. नेम धरतात आणि नेम करतातही. आजी चातुर्मासात काहीतरी नेम करायची, कधी मीठ सोडायची, कधी रोज पिंपळाला पाणी. नित्यनेम, नेमकं, नेमस्त, सगळी एकाच कुळातली. आणि ज्याचा भरवसा नाही त्याचा 'काही नेम नाही'. वर्तमानपत्रांत गुन्ह्याच्या बातमीत 'शार्प शूटर' असं छापलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. आमच्या खेळाचं नाव नेमबाजी आहे, आणि त्यातला नेम हा अर्धा व्रतातला आहे. स्पर्धेच्या दिवशी मी चहा घेत नाही. आदल्या रात्री तांबडा रस्सा नाही. पाचशे ग्रॅमचा ट्रिगर खेचायला जोर लागत नाही. तो खेचताना बाकीच्या देहाला काही कळू न देणं, याला लागतो. ७५ मिनिटांत ६० गोळ्या. त्यातला बराचसा वेळ हात खाली असतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा नुसता उभा आहे.

दोन वर्षांपूर्वी रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मी तिथेच बसून वाचली आणि बीटा-ब्लॉकर नको म्हणालो. हृदयाची गती कमी करणारी ही औषधं आमच्या खेळात बंदी असलेली आहेत, कारण ती हाताचा कंप घालवतात. डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही काय ऑलिम्पिकला निघालाय?' मी म्हटलं, 'नाही. पण जिल्हा स्पर्धेला निघालोय.' त्यांनी गोळी बदलून दिली. माशीवर मला माझी नाडी दिसते. हात पूर्ण शांत झाला, श्वास अर्धा सोडून थांबवला, की शेवटी फक्त ती उरते: टुक, टुक, टुक. माशी तेवढीच, केसभर उचलली जाते आणि बसते. माझ्या ओळखीचं कुणी असं आपल्या हृदयाकडे रोज बघत असेल, असं वाटत नाही. ते मी औषधाने पुसणार नाही.

पॅरिसच्या वेळी तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा फोटो पुतणीने पाठवला. एक हात खिशात, साधा टी-शर्ट, साधा चष्मा. 'काका, हे तुमच्यासारखेच उभे आहेत!' जगभर त्या खिशातल्या हाताचं कौतुक चाललं होतं. खिशात हात आम्ही सगळेच घालतो. मोकळा सोडला तर तो लोंबकळतो आणि खांदा ओढतो. मी चष्मा बघत होतो. ५१ वर्षांचा माणूस, आणि मिश्र सांघिक १० मीटरमध्ये रौप्य. तेव्हा माझे डोळे चांगले होते, म्हणून नुसतं छान वाटलं होतं. आता तो फोटो मी फोनमधून काढून कागदावर छापून घेतला आहे आणि देव्हाऱ्याच्या शेजारी नाही, पण कॅलेंडरच्या शेजारी लावला आहे.

मनू भाकरचं कांस्य त्याच आठवड्यातलं. पात्रता फेरीत ५८०. त्यात किती वेळा तिला माशी दिसली असेल आणि किती वेळा नुसती आठवली असेल, असं माझ्या मनात येतं. कारण एक गोष्ट मला चाळिशीने शिकवली. नव्या भिंगाची वाट बघण्यात दहा दिवस गेले. सराव सोडायचा नाही म्हणून मी धूसर माशीवरच उभा राहत होतो. सातव्या-आठव्या दिवशी डागाच्या आत कुठेतरी माशी असल्याचं हाताला कळायला लागलं. गुण वाढले नाहीत. पण भिंतीसमोरचे ते तीन आठवडे कुठे जाऊन बसले होते, ते सापडलं.

भिंग आलं. अधिक पाऊण, उजव्या डोळ्यापुरतं. लावलं की माशी उभी राहते, वर्तुळ धुक्यात जातं. पूर्वी हे धूसर होणं आपोआप व्हायचं, आता ते दुकानातून मापाने आणलेलं आहे. काय स्पष्ट बघायचं हे ठरवणं सोपं असतं. काय धूसर राहू द्यायचं, त्यालाच फार धीर लागतो. मुलीच्या दहावीच्या वर्षी मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या रेंजवर आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहेत. गोळी सुटायचा अवकाश, की शेजारच्या पडद्यावर ठिपका उमटतो. न्याय बरोबर होतो, वेळ वाचतो, वादावादी संपली. मला कार्ड आवडतं. गोळी मारल्यावर ती कुठे गेली हे आधी स्वतःशी म्हणायचं आणि मग कार्ड ओढून बघायचं, या मधल्या काही क्षणांत माणूस स्वतःशी खरं बोलायला शिकतो. पडदा ती संधी देत नाही. आणि पडद्याचा कंदील होत नाही.

म्हणून या वर्षी मी कार्डांचे दोन गठ्ठे मागवलेत. गच्चीच्या जिन्यापासून मागच्या भिंतीपर्यंत बरोबर १० मीटर भरतात. भिंतीला जाड लाकडी फळी, पुढे गोळ्या झेलायची पेटी, आणि दार आतून बंद. शेजारचा सातवीतला मुलगा शिकायला येतो. त्याला मी अजून भिंतीसमोरच उभं केलं आहे, त्याची कार्डं सुरू व्हायला दसरा उजाडेल. तोवर कामट्या आणून ठेवल्यात. जिलेटीनचा कागद गुलाबी मिळाला नाही, केशरी मिळाला. खळ मात्र कशी करायची ते नीट आठवत नव्हतं, म्हणून काकूंच्या सुनेला फोन केला. मैदा गार पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, काचेसारखी झाली की उतरवायची. आणि चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत आणि कंदील पुढच्या वर्षीही निघतो. मोरचूद महाद्वार रोडला दोन दुकानांत विचारलं, नव्हतं. तिसऱ्या दुकानातले म्हातारे गृहस्थ म्हणाले, आहे, पण उद्या या, वरच्या फळीवर कुठेतरी आहे, आणि तिथलं मला आता दिसत नाही.